खुंटावरची फुलं

प्रिय धाकटोबा,

तू कलमासाठी मागितलेले गुलाबाच्या फांदीवरचे डोळे पाठवत नाही. ते काढायला गेले आणि कात्री अंगणातच टाकून आले. घाईत लिहितेय. अक्षराला हसू नकोस, तुझं तरी कुठं मोत्यासारखं आहे!

घर विकायचं, अण्णांना तुझ्याकडे न्यायचं, हे आपण दोघांनीच ठरवलं. अण्णांचं पालुपद एकच, या गुलाबाच्या झाडाला कोण बघणार? त्याच जातीचा गुलाब शोधायला तू किती रोपवाटिकांचे उंबरठे झिजवलेस, कुठेच मिळाला नाही. म्हणून मीच म्हटलं, इथले डोळे तुझ्या बागेत नेऊन भरू, म्हणजे म्हातारा मुकाट मागून येईल. केवढी हुशार मी!

सकाळी कात्री घेऊन वाकले. फुलं भरपूर, पण पाच पाकळ्यांची, फिकट, आणि नाक खुपसलं तरी वास नाही. आपल्या गुलाबाचं एक फूल उमललं की वरच्या खोलीपर्यंत घमघमाट यायचा, आठवतं ना? बुंध्याशी माती उकरली. कलमाच्या गाठीवरचा भाग स्वच्छ कापलेला, वर मेण लावलेलं. सगळ्या फांद्या गाठीखालच्या, ज्यावर कलम बांधलं होतं त्या रानगुलाबाच्या खुंटाला फुटलेल्या. जन्मभर कलमं बांधणाऱ्या माणसाला हे कळू नये? आणि फोनवर आपल्याला सुवासाची वर्णनं ऐकवत होते! मला वाटलं, अण्णांचं डोकं फिरलं.

विचारलं, तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. गुलाब मागच्या उन्हाळ्यातच वाळला, म्हणाले, मेण त्यांनीच लावलं. झाड गेलं हे आपल्याला कळलं असतं, तर नाही म्हणायला त्यांच्याकडे कारणच उरलं नसतं. नुसतं मला यायचं नाही म्हटलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का, असं त्यांनी विचारलं. अरे, आपला बाप आपल्याला घाबरतो! मला अजून खरं वाटत नाही.

मी घराच्या कागदांवर सही करणार नाही. गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळव, माझ्यावर हवा तेवढा चीड. पण हे पत्र त्यासाठी नाही. तुम्ही इथेच राहा म्हणून मी अण्णांना दहादा सांगितलं, त्यांचा विश्वास बसत नाही. धाकट्याला चालणार नाही म्हणतात. वाचलंस की आधी त्यांना फोन कर. आत ते बॅग भरतायत.

तुझीच,
ताई