उन्नतीच्या एकटीच्या नावावर न केलेला फ्लॅट

मी, जयवंत वामन लेले, वय ५६, कुटुंबांचे काम आणि कमाई यांची पाहणी करणाऱ्या संशोधन संस्थेत नोकरी, राहणार माणिकपूर, वसई, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. चष्मा नाही, कारण माझ्या चष्म्याच्या घरात या घरातले लोक सुया ठेवतात. याची कायद्याने नोंद घ्यावी.

१. संस्कृतचे कोश मुलगा विघ्नेश यास. बंगळुरास नेण्याचे भाडे त्याचे त्याने भरावे. लहानपणी त्याने त्यांचे स्टम्प केले होते.

२. शेजारी गॅब्रिएल यांना काहीही नाही. ते साक्षीदार आहेत. शिवाय माझा सायकलचा पंप त्यांच्याकडेच आहे.

३. राहता फ्लॅट. पत्नी सुनंदा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली आहे. मुलगी उन्नती पुण्यास नोकरीस आहे. विघ्नेश फोनवर म्हणतो, "बाबा, फ्लॅट उन्नतीच्या नावावर करून टाका. मला काही नको. ती राहील आईजवळ." बोलणे उदार आहे. असली उदार बोलणी मी वीस वर्षे घरोघरी ऐकली. आमच्या पाहणीत दिसले ते असे, की घर जिला मिळते तिची नोकरी सुटते आणि भावांचे येणे सणापुरते उरते.

अशाच एका पाहणीत सांडोर गावच्या रोझलीनला मी विचारले होते, "काम काय करता?"

ती म्हाताऱ्या आईला कुशीवर वळवत होती. "काय नाय सर, घरीच हाय."

"मग हे?"

"हे कुठं काम? घर नाय का दिलं तिनं मला?"

मी नियमाप्रमाणे लिहिले: काम करत नाही.

म्हणून फ्लॅट सुनंदाचा. तिच्या पश्चात दोन्ही मुलांचा, निम्मा-निम्मा. ठेवी सुनंदाच्या, त्यातून पगारी बाई ठेवावी. उन्नतीने पुण्याची नोकरी सोडू नये.

हे तिला वाचून दाखवले. "बाबा, माझ्या रजासुद्धा आता तुम्हीच मंजूर करणार वाटतं!" असे म्हणून ती आईला पाणी पाजायला उठली. तिथूनच म्हणाली, "ऑफिसात सांगून ठेवलंय. वेळ आली तर कायमची येईन."

४. वरील कलमे कायद्याने पक्की आहेत; तरी त्यांचा उपयोग होईल असे मला वाटत नाही. मी काहीही लिहिले तरी उन्नती नोकरी सोडून येईल. आणि तिने यावे, असेच मला मनातून वाटते. धास्ती याची आहे.

सही: ज. वा. लेले

आमच्यासमक्ष सही केली, आम्ही त्यांच्यासमक्ष:
१. गॅब्रिएल लोपीस (पंप परत केला आहे.)
२. मार्था डाबरे

माणिकपूर, ता. वसई, जि. ठाणे
दि. ९ ऑगस्ट २००४