पाटीवरचे दोन शब्द

मंगळवार, १४ मार्च
दुपारचे चार

प्रिय धाकट्या,
ताईचे अनेक आशीर्वाद.

माल घेऊन तू गेलास त्याला आठ दिवस झाले. तुझ्या बायकोचा खोकला थांबला. तुझी चिमी बरी आहे. जिन्यावर जरा अडखळते, पायातली चप्पल कुठे निसटली ते तिला कळत नाही. मी तिच्या आईला म्हटलं, "वयात येताहेत बाईसाहेब. संप्रेरकांची उलथापालथ असते, धांदरटपणा चालायचाच." त्याबद्दल पुढे लिहिते.

कारखान्याच्या हवेच्या तपासणीचा कागद मिळाला. 'सही करून ठेव, नेहमीचंच आहे,' असं तू वर लिहिलंस. हे नेहमीचं म्हणजे काय, ते आज नीट वाच.

आपल्या कारखान्यात चपलांचे तळवे रासायनिक गोंदाने डकवायची खोली आहे. धूळ बसू नये म्हणून तिच्या खिडक्या बंद. मी हवा मोजायचं यंत्र मागितलं तेव्हा तू म्हणालास, "तुझं शिक्षण काय चुलीत घालायचं? तूच हुंगून सांग." परिचारिकांना शरीरशास्त्र शिकवणारी मी, फुशारले. तीन वर्षं रोज दुपारी मी त्या खोलीत बसते, तासभर बायकांना वर्तमानपत्र वाचून दाखवते, मग उठून खोल श्वास घेते आणि दारावरच्या पाटीवर लिहिते: हवा ठीक. आधी वाचन, मग हवा. कधीच उलटं नाही.

पहिल्या दिवशी भाषणही ठोकलं होतं. "बायांनो, नाक हा शरीराचा पहारेकरी आहे, तो डुलकी घेत नाही!" टाळ्या पडल्या. डकवणाऱ्यांतली सर्वांत थोरली मावशी म्हणाली, "ताईंचं नाक असताना आम्हाला कुत्रं पाळायला नको."

गेल्या बुधवारी विजेचा मीटर बघणारा आला. दारातच त्याने रुमाल नाकाला लावला. "इथे श्वास कसा घेता हो तुम्ही?"

"सवय होते," मावशी म्हणाली, "लग्नासारखी."

खोली हसली. मी हसले नाही. मला कसलाच वास येत नव्हता.

अरे, हे मीच दरवर्षी फळ्यावर लिहिते! वास तोच राहिला तर काही मिनिटांत नाक त्याची खबर देणं सोडतं. तासभर त्या वाफेत बसून मग मी हुंगत होते. पहारेकऱ्याला आधी गुंगी द्यायची आणि मग विचारायचं, चोर आला का? आणि गोंदाची ही वाफ मज्जातंतू मारते; हा चोर आधी पायाची बोटं धरतो, कारण तिथवर जाणारे मज्जातंतू सर्वांत लांब. दुखलं तर माणूस ओरडतो, भीतीने अ‍ॅड्रेनलिन उसळतं, माणूस पळतो. पण खबरच मेंदूपर्यंत पोचली नाही तर पळेल कोण?

मी एकेकीला बाकावर बसवलं. घोट्यामागच्या शिरेवर रबरी हातोडी मारली की पाऊल उडायला हवं. अकरा जणींपैकी सहा जणींचं उडालं नाही. मावशी म्हणाली, "पाय म्हातारे झाले, ताई." तिच्या शेजारची पोरगी बावीस वर्षांची आहे. तिचंही उडालं नाही.

तू म्हणशील, ताईला भाषणाची खाज. म्हण. मी कागदावर सही केली नाही. खोलीला कुलूप लावलंय. बायकांना आणि मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलंय, निरीक्षकाला पत्र गेलंय. त्यात तुझ्याआधी माझं नाव आहे. तीन वर्षांच्या पाटीवर हस्ताक्षर माझं आहे. डॉक्टर म्हणतात, वाफेपासून दूर नेलं तरी काही महिने हे वाढतच जातं; मग उतरू लागेल, पण सगळं परत येईल याचा शब्द कुणी देत नाही.

आता चिमीबद्दल लिहिते. दहा महिन्यांपूर्वी तू म्हणालास, "घरचीच पोर आहे, हात चलाख आहे, बसू दे तिथे." मी हो म्हटलं. वाचून दाखवायला एक कान वाढला म्हणून मला आनंदच झाला.

काल चिमीला घरी खुर्चीत बसवलं. हातोडी मारली. पाऊल लोंबतच राहिलं. मग म्हटलं, "डोळे मिट, सुई टोचली की सांग." तिने घट्ट मिटले. लहानपणी लपाछपीत मिटायची तसे. थोडा वेळ गेला, आणि ती हसत म्हणाली,

"आत्या, टोच ना लवकर!"

तिच्या अंगठ्यावर रक्ताचा थेंब केव्हाच आला होता.

मिळेल त्या गाडीने ये. तिला अजून सांगितलेलं नाही. ते आपण दोघांनी समोर बसून सांगायचं आहे.

रोज 'हवा ठीक' लिहिणारी,
तुझी ताई