बाबांसाठी पाळलेली शांतता

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा वाकलेलाच आहे). तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? इकडे बाबा जेवतात, काठी घेऊन चालतात, पण मेंदूत गुठळी अडकल्यापासून एक शब्द बोललेले नाहीत. त्यात माझाही हात आहे, तेच सांगायचंय.

तुला ठाऊक आहे, मी प्रयोगशाळेत काचेच्या ताटल्यांत मेंदूच्या पेशी वाढवतो. पेशी एकमेकींशी बोलतात ते ग्लुटामेट नावाच्या रसायनानं. ते बेतात असलं की शब्द, आठवणी, सगळं सुरळीत. पण रक्त पोचेनासं झालं की मरणारी पेशी आपला साठा एकदम ओतते, त्यानं शेजारीण भडकते, भडकून तीही जाते, मग तिची शेजारीण. (आपल्या आत्यांचं भांडण आठव.) गाबा नावाचं दुसरं रसायन सगळ्यांना जरा गप्प करतं, म्हणून काही वाचतात. हे रोज पाहणाऱ्या माणसानं काय करावं? मी घरातली बडबड बंद केली. रेडिओ कपाटात, आई खुणांवर, शेजारचे काका दारातूनच परत. तुला तर फोनवर निक्षून सांगितलं, येऊ नकोस (तू म्हणजे चालतंबोलतं ग्लुटामेट). तू फोन आपटलास. सहा आठवडे घर चिडीचूप, आणि मी मनातून खूश, की बाबांना वाचवतोय.

काल डॉक्टरीणबाईंनी विचारलं, यांच्याशी दिवसभर कोण बोलतं? मी ऐटीत म्हणालो, कोणीच नाही, आणि ग्लुटामेटचं कारणही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. तो रसायनाचा पूर पहिल्या काही तासांचा, फार तर दिवसांचा, म्हणाल्या. उरलेल्या पेशींना आता बोलणंच हवं, त्यावरच त्या पुन्हा शिकतील. ताई, मी जिन्यात बसून रडलो. वीस वर्षं ताटल्या सांभाळल्या आणि बापाला ताटलीच समजलो.

बाकी क्षेम. भावोजींना नमस्कार.

तुझा मूर्ख भाऊ

ता. क. राग गिळून ये. राहायलाच ये. जे सुचेल ते बोल, मध्ये श्वाससुद्धा घेऊ नकोस.

ता. क. २. हे लिहून झाल्यावर आज संध्याकाळी मीच बोलायला बसलो. दुसरं काही येत नाही, म्हणून ग्लुटामेटबद्दल तासभर सांगितलं. बाबांचे ओठ हलले. सहा आठवड्यांतला पहिला शब्द, अगदी स्पष्ट: “पुरे.” आईनं तोंडाला पदर लावला. मी डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.