सासूबाईंविरुद्ध प्लेऑफ

सोमवार, १७ मार्च
साखळी सामने संपले. दहा टीममध्ये माझा नंबर नववा. इथे लिहायला हरकत नाही, ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही. नववा म्हणजे वाईट नव्हे. दुखापतींनी घात केला. कागदावर माझ्याइतकी भारी टीम आख्ख्या लीगमध्ये नाही, आणि फँटसी बास्केटबॉल तर कागदावरच खेळतात.
आता शेवटच्या दोघांचा प्लेऑफ. पुढच्या सोमवारपासून रविवारपर्यंत. जो हरेल त्याने हार्लनच्या हॉटेलमागे तळ्यावरचा बर्फ कापून भोक पाडायचं आणि त्यात उडी मारायची. ही शिक्षा ऑक्टोबरमध्ये मीच सुचवली. लीगचा अध्यक्ष मी, नियम लिहिणारा मी. नियम सातवा: उडी स्वखुशीने, पोहण्याच्या कपड्यांत, डोकं भिजलं पाहिजे. तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.
समोर कोण आहे पाहिलं. सासूबाई! सुटलो.

तोच दिवस, संध्याकाळ
एक नोंद फक्त माझ्यासाठी. मला पोहता येत नाही. 'येत नाही' हा शब्द जरा कडक झाला. सराव नाही. मी बोटी विकतो, वल्ही विकतो, तळ्याकाठचे लाकडी धक्के विकतो. बोटी विकणाऱ्याला पोहता यायलाच हवं हे कुणी ठरवलं? शवपेट्या विकणाऱ्याला काय आधी मरून बघावं लागतं?
गावात कुणाला माहीत नाही. कॉनीलासुद्धा नाही, आणि ती माझी सख्खी बायको आहे.

मंगळवार, १८ मार्च
कॉनीने पुन्हा विचारलं की तुमचा हा खेळ म्हणजे नक्की काय. पुन्हा समजावलं. खऱ्या लीगमधले खेळाडू आपण वाटून घ्यायचे. ते खऱ्या सामन्यात जे करतील त्याचे गुण आपल्याला. बास्केट केली, गुण. रिबाउंड, म्हणजे हुकलेला चेंडू, पकडला, गुण. चेंडू घालवला, वजा. ती म्हणाली, म्हणजे घाम त्यांनी गाळायचा आणि भांडायचं तुम्ही. बायकांना डावपेच कळत नाहीत.
पण तिच्या आईची टीम आहे खरी. म्हणजे सासऱ्यांची, व्हर्नची. ऑगस्टमध्ये ते गेले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, त्यांची टीम मी चालवते, मोडायला नको. त्यात एक सेंटर आहे, बास्केटखाली खेळणारा, व्हर्नचा लाडका लंबू. नोव्हेंबरपासून गुडघा धरून घरी बसलाय. कोणीही शहाण्या माणसाने त्याला कधीच काढून टाकलं असतं. सासूबाई काढत नाहीत. म्हणून त्या दहाव्या. मला वाईट वाटतं. पण खेळ म्हणजे खेळ.

शुक्रवार, २१ मार्च
हार्लनकडे मासे खायला गेलो. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, शुक्रवारी आख्खं गाव तिथेच असतं. तळलेला मासा, कोबीचं सॅलड, ब्रँडी, आणि विषय एकच: लायल जिंकणार की आर्डिस, म्हणजे मी की सासूबाई. कपासाठी कोण खेळतंय याची कुणाला फिकीर नाही!
कोच डेनी (शाळेतल्या मुलींची टीम शिकवतो, लीगमध्ये पहिला) म्हणाला, लायलच जिंकणार, त्याच्याकडे थोरला आहे. थोरला म्हणजे माझा हुकमी एक्का. इथे मी खेळाडूंची नावं लिहीत नाही. नोव्हेंबरमध्ये एकाचं लिहिलं, दुसऱ्या दिवशी त्याची पोटरी गेली.
हार्लन म्हणाला, आर्डिस. हार्लनचं मत सुडाचं आहे. गेल्या वर्षी खऱ्या लीगवाल्यांनी सामन्यानंतर एक आकडा दुरुस्त केला आणि तो माझ्याशी हरला. त्याने आरडाओरडा केला, तेव्हा मी नियमच लिहून टाकला की दुरुस्त आकडा अंतिम. ते त्याला अजून झोंबतंय.
सासूबाई शांतपणे माशावर लिंबू पिळत होत्या. म्हणाल्या, हे बघ लायल, तुझी पोरं मोठ्या टीममधली. त्यांच्या टीमचं सगळं पक्कं झालंय, आता त्यांना आराम देतील. माझी पोरं हरणाऱ्या टीममधली. त्यांना पुढच्या वर्षीची नोकरी टिकवायचीय. ती जीव तोडून धावणार. व्हर्न म्हणायचा, मार्चमध्ये भुकेली पोरं घ्यावीत.
सगळे हसले. मीही हसलो. मग अर्धा मासा ताटात तसाच ठेवला, पण तो काट्यांमुळे.

सोमवार, २४ मार्च
सामना सुरू. पहिल्याच दिवशी मी पुढे. डेनीला मेसेज केला: कोण म्हणत होतं भुकेली पोरं?
संकल्प: दिवसातून दोनदाच आकडे बघायचे.

मंगळवार, २५ मार्च
थोरल्याला त्याच्या खऱ्या टीमने बसवलं. कारण काय, तर 'विश्रांती'. सव्वीस वर्षांचा गडी, कसली विश्रांती? मी पन्नाशीचा, मला कोण बसवतं?
आकडे नुसते चाळले. दुकानात, जेवताना, आणि एक गिऱ्हाईक मोटारबोटीचा भाव विचारत होतं तेव्हा. गिऱ्हाईक गेलं. तसंही ते घेणार नव्हतं.

बुधवार, २६ मार्च
थोरला पुन्हा बसवला. सासूबाईंची पोरं पिसाटल्यासारखी खेळतायत. मी अजून पुढे, पण थोडाच.
सहज म्हणून तळ्यावर गेलो. हार्लनने भोकाची जागा पाइनच्या फांद्या रोवून आखून ठेवलीय. त्याच्या धक्क्याच्या अगदी टोकाशी. तो धक्का माझ्याच दुकानातून गेलाय, पण तो बसवायला पाण्यात माणसं उतरली, मी कागद भरले. बर्फ वर पांढरा आणि फांद्यांच्या मधे काळपट. त्या काळ्याकडे बघून दोन पावलं मागे सरलो. थंडी फार होती.
हार्लन आला. इथे खोली किती, हे विचारायला तोंड उघडलं आणि म्हणालो, हवा छान पडलीय. विचारलं असतं तर त्याला कळलं नसतं का?

गुरुवार, २७ मार्च
झोप नाही. डोळे मिटले की डोक्यावर बर्फ आणि भोक सापडत नाही. तरी मी घाबरलोय असं म्हणता येणार नाही. ही काळजी आहे, तीही सासूबाईंची.
म्हणून अध्यक्ष या नात्याने सगळ्यांना कळवलं की वयस्कर सभासदाचा विचार करून शिक्षा बदलावी, हरणाऱ्याने चर्चसमोरचा बर्फ उपसावा. नऊ विरुद्ध एक. वयस्कर सभासदानेही विरोधात मत दिलं. कॉनी म्हणाली, आईची कसली काळजी करतोस, परवापर्यंत तळ्यावर बसून मासे पकडत होती. आणि तिने नवा पोहायचा ड्रेस आणलाय. लाल.

शुक्रवार, २८ मार्च
लंबू परत आला!!
चार महिने घरी बसलेला माणूस आजच कसा बरा होतो? हार्लनकडे टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. तो मैदानात उतरला आणि सासूबाईंनी हातातला काटा खाली ठेवला. म्हणाल्या, व्हर्न, बघ रे, आला तुझा पोरगा. मग नॅपकिनने डोळे पुसले. मलाही भरून आलं. नंतर त्याने रिबाउंडवर रिबाउंड ओढले आणि माझं भरून आलेलं ओसरलं.
वाद इतका पेटला की हार्लनच्या बायकोने दोनदा येऊन दटावलं. डेनी म्हणतो, रविवारी थोरला खेळला तर लायल, नाहीतर आर्डिस. हार्लन म्हणतो, थोरला आला काय नि गेला काय, लायलचा जीव आधीच गेलाय, त्याचं तोंड बघा. लोक असल्या वेळी देव पाण्यात ठेवतात. इथे मलाच ठेवायला निघालेत.

रविवार, ३० मार्च, दुपार
सासूबाईंचे सगळे खेळून झाले. मी अर्ध्या गुणाने पुढे! माझा एकच खेळाडू बाकी: थोरला, संध्याकाळी. आज खेळणार म्हणून जाहीर झालंय.
प्रश्न: त्याला माझ्या टीममध्ये ठेवायचं की बाकावर बसवायचं (मग त्याचे गुण धरत नाहीत)? थोरला भरपूर मिळवतो, पण चेंडूही घालवतो. पहिल्याच मिनिटाला चेंडू घालवला, वजा झाला, आणि लगेच पाय मुरगळून बाहेर गेला तर? संपलंच.
डेनीचा फोन. म्हणाला, येडा आहेस का, खेळव त्याला, आजवर कधी त्याचे गुण वजा झालेत का? मी म्हणालो, हातातलं सोडून पळत्याच्या मागे मी लागत नाही. तो म्हणाला, लायल, तुझा आवाज का कापतोय? लाइन खराब होती.
बसवला. याला धाडस लागतं.

तोच दिवस, झोपण्यापूर्वी
जिंकलो! अर्ध्या गुणाने, पण जिंकलो. थोरल्याने चाळीस मारले म्हणे, माझ्या बाकावर बसून. त्याचं मला काही नाही. डावपेच म्हणतात ते हेच. आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवलो.

सोमवार, ३१ मार्च
सविस्तर लिहितो, कारण गावात वेगळंच सांगतायत.
संध्याकाळी सगळे तळ्यावर. सासूबाई लाल ड्रेसमध्ये, डोक्यावर व्हर्नची शिकारीची भगवी टोपी. मी टॉवेल घेऊन भोकाच्या कडेला उभा. विजेत्याने टॉवेल धरायचा, माझाच नियम. त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, धर रे बाळा, त्यांची आहे, भिजायला नको. आणि नाक धरून खाली गेल्या.
वर आल्या नाहीत.
बुडबुडे आले. मग तेही थांबले. पाणी काळं. बाकीचे हसत होते, कुणी थर्मास उघडत होतं. कुणालाच काही वाटत नव्हतं! माझ्या छातीत असं काही झालं की पुढचं मला नीट आठवत नाही. आई, आई, असं ओरडलो म्हणतात. मी त्यांना जन्मात कधी आई म्हटलेलं नाही.
उडी मारली. जाकिटासकट, बुटांसकट, हातातल्या टोपीसकट. गारठ्याने श्वास बंद. हातपाय झाडले, वाचवा वाचवा म्हणालो. मग सासूबाईंचा आवाज आला, अगदी जवळून: लायल, अरे उभा राहा.
उभा राहिलो.
पाणी कमरेपर्यंत होतं.
त्या शेजारीच उभ्या होत्या, केस निथळत. म्हणाल्या, खाली बसून व्हर्नला दोन शब्द सांगत होते, तू कशाला आलास? मग काठावर जे हसू फुटलं ते अजून कानात आहे. हार्लन बर्फावर बसलाच. टोपी भिजली. त्यांनी ती पिळली आणि परत डोक्यावर घातली.

मंगळवार, १ एप्रिल
ताप. दुकान बंद. कॉनीने चिकन सूप दिलं आणि म्हणाली, तुला पोहता येत नाही हे आख्ख्या गावाला माहीत आहे. आपलं लग्न बाबांच्या बोटीवर झालं तेव्हा तू सुटाखाली लाइफ जॅकेट घातलं होतंस, फोटोत तुझं पोट बघ. मी म्हणालो, मग इतकी वर्षं कुणी बोललं का नाही? ती म्हणाली, तुला बरं वाटत होतं ना.
सूपमध्ये मीठ कमी होतं.

बुधवार, २ एप्रिल
खऱ्या लीगने आकडे दुरुस्त केले. शुक्रवारचा एक रिबाउंड दुसऱ्याच्या नावावर पडला होता. तो आता लंबूचा. एक गुण सासूबाईंना.
मी अर्ध्या गुणाने हरलो.
थोरला. चाळीस. बाकावर.
दुरुस्त आकडा अंतिम. मी लिहिलंय.

शुक्रवार, ४ एप्रिल
हार्लनकडे नवा वाद: सोमवारची उडी धरायची की नाही? मी म्हणालो, पाण्यात गेलो होतो, सगळ्यांनी पाहिलंय, विषय संपला. डेनीने उठून माझी बाजू मांडली. म्हणाला, आयुष्यात एकदा हा माणूस न मोजता उतरला, अजून काय हवंय? डोळ्यांत पाणी आलं. हार्लनने मोबाईल काढून माझाच नियम मलाच वाचून दाखवला. स्वखुशीने? चालेल. पोहण्याचे कपडे? बूट होते. डोकं? कोरडं.
मतं घेतली. मी सोडून चार इकडे, चार तिकडे. राहिल्या सासूबाई. त्यांच्याकडे बघितलं. मी त्यांच्यासाठी पाण्यात गेलो होतो! त्या म्हणाल्या, व्हर्न असता तर म्हणाला असता, डोकं भिजलं नाही तर ती उडी नाही.
उद्या सकाळी.

शनिवार, ५ एप्रिल, सकाळ
पाणी कमरेपर्यंत आहे. मी त्यात उभा राहिलोय. खाली वाळू आहे, मऊ. सगळं माहीत आहे.
भीती वाटते. खूप वाटते.
सासूबाईंचा फोन आला. लाल ड्रेस घालून तयार आहेत, टोपी या वेळी कॉनीकडे देणार. विचारलं, मी पण उतरते, हात धरू का रे तुझा? लीगच्या अध्यक्षाला हे शोभत नाही, असं सांगायला तोंड उघडलं.
हो म्हणालो. घट्ट धरा म्हणालो.