न धरलेला गोल

इंग्लंड, नोव्हेंबर १९८१

प्रिय आई, तुला दुरूनच घट्ट मिठी.

मी मजेत आहे. आमच्या फुटबॉल संघाच्या निळ्या रंगाची टोपी तू विणून पाठवलीस ना, ती काल मॅचला घातली होती. कान छान उबदार राहिले. तिकडे आपल्या बेटावर दारातल्या नीरफणसाला यंदा फळं धरली का? तुझा गुडघा कसा आहे?

काल आम्ही एक-शून्य जिंकलो. गोल मारला क्लाइव्हनं, आपल्यासारखाच काळा पोरगा आहे. मी आनंदानं नॉर्मनला मिठीच मारली. नॉर्मन म्हणजे माझ्या कारखान्यातला गोरा सोबती. कित्येक वर्षं आम्ही शेजारी उभे राहून मॅच बघतो, एकाच थर्मासातला चहा पितो.

तो हसत म्हणाला, "कसला एक-शून्य? काळ्यानं मारलेला गोल आम्ही धरत नाही. शून्य-शून्य!"

मागचे सगळे तेच ओरडायला लागले. आमच्याच संघाची माणसं गं, आई! निळे मफलर गळ्यात!

माझा चेहरा बघून नॉर्मननं पाठीवर थाप मारली. "तुला नाही रे म्हणत, एगबर्ट! तू आपला माणूस. घे, चहा घे."

मी घेतला. थंडी फार होती.

धाकट्या एल्डनला इकडे यायची घाई झालीय, असं लिहिलं होतंस. त्याला म्हणावं, जरा थांब. आणि मॅचचा निकाल नक्की सांग, एक-शून्य.

परतताना बसच्या कंडक्टरनं मला विचारलं, "किती झाले रे?" बस निळ्या मफलरांनी भरलेली होती. मी म्हणालो, "शून्य-शून्य."

टोपी जपून ठेवली आहे.

तुझाच,
एगबर्ट