हे ग्रेनाडात, मी समुद्रात

ब्लँचर्डस्टाउन, डब्लिन
जुलै २०२०

तीर्थस्वरूप वन्संच्या चरणी धाकट्या भावजयीचा, म्हणजे संध्याचा, साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे जमिनीवर वाकवत नाही, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घ्यावा.) तुमची शुगर, मुरलीधर भाऊजींचा खोकला आणि मिरजेच्या घराची गळती ही तिन्ही ताब्यात असतील अशी आशा करते. आशाच करते, कारण कळायला मार्ग नाही. एप्रिलपासून तुम्ही माझा एकही फोन घेतलेला नाही. तुमच्या फोनला रेंज नसेल, असं मी आपलं धरून चालले होते. पण त्याच फोनवरून घरच्या ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाचं फूल येतं, आणि मे महिन्यात एका गुलाबाखाली तुम्ही लिहिलंत की आमच्या चंदूला परक्या बेटावर टाकून बायको बोटीवर मजा मारते आहे, कलियुग म्हणतात ते हेच. त्याखाली अर्ध्या खानदानाने हात जोडले. म्हणून झालं ते सगळं सविस्तर लिहिते आहे. पोस्टाचा सध्या भरवसा नाही, तेव्हा सूनबाई, आपली योगिनी, पानांचे फोटो काढून भाऊजींच्या फोनवर पाठवील. त्यांच्या फोनला रेंज असते.

मुळात ही सफर मी मागितली नव्हती. जानेवारीत आम्ही इथे आलो आणि शैलेंद्रच्या लक्षात आलं की त्याचे वडील घरात बसून घरातल्या प्रत्येक वस्तूत सुधारणा सुचवतात. हीटर चुकीच्या भिंतीला आहे, जिना चुकीच्या बाजूला वळतो, आयर्लंडला पाटबंधाऱ्यांचं नियोजन नाही. (इथे आभाळातून बाराही महिने पाणी पडतं, पण नियोजन हवंच.) शैलेंद्र सकाळी औषधांच्या कारखान्यात जायचा, योगिनी दार लावून लॅपटॉपपुढे बसायची, आणि मुलाखतीला बसल्यासारखी समोर मी. शेवटी लेकाने लग्नाच्या वाढदिवसाचं निमित्त काढून आम्हाला मार्चमध्ये कॅरिबियनच्या बोटीवर पाठवून दिलं. विमानाने बार्बाडोसला जायचं, तिथे बोटीत बसायचं, रोज एक बेट बघायचं आणि पुन्हा बार्बाडोसला उतरून घरी. भेट म्हणून आम्हाला पाठवलं, की भेट म्हणून स्वतःला शांतता घेतली, हे मी अजून विचारलेलं नाही.

बोट म्हणजे तरंगतं मंगल कार्यालय. सकाळपासून पंगती, आणि वाढप्याला नको म्हणायची सोय नाही, कारण वाढपी तुम्हीच. तुमचे बंधू पहिल्या दिवशी टेबलाशी जाऊन बसले आणि ताट येण्याची वाट बघत राहिले. बराच वेळ बसले. शेवटी मीच उठून दोघांची ताटं भरून आणली, कारण ते कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले आहेत आणि तुमच्या आईंनी व तुम्ही त्यांना ताट घ्यायला कधी शिकवलं नाही. (हे आदराने लिहिते आहे.) सेंट ल्युशियाला उतरलो तर नारळ, केळी, समुद्र आणि पाठीला चिकटलेला शर्ट. इतकं लांब येऊन मालवणच बघायचं होतं तर मालवणला निदान सोलकढी मिळाली असती. तिथला गाइड बसमधून धबधबा दाखवत होता आणि हे त्याला, या जागी धरण बांधलं तर किती हेक्टर भिजेल, ते मराठी इंग्रजीत समजावत होते. त्या बिचाऱ्याने मान डोलावली. सरकारी माणूस समोर आला की मान कशी डोलवायची हे जगात सगळीकडे सारखंच.

आता ग्रेनाडा, जिथे मी तुमच्या चंदूला टाकला म्हणतात. ते बेट जायफळाचं. उतरल्यावर आम्ही बाजारात गेलो, आणि एका मसालेवालीने यांना जायफळ दाखवत 'डार्लिंग' अशी हाक मारली. ती येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांनाच डार्लिंग म्हणत होती, अगदी टोपलीवर बसलेल्या मांजरालासुद्धा. पण यांना जन्मात कुणी डार्लिंग म्हटलेलं नव्हतं. (मी म्हणण्याचा प्रश्न नव्हता. ब्याऐंशी साली लग्न झालं तेव्हा तुम्ही शेजारच्याच खोलीत होतात.) कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि तिथून हलेनात. दर काही करून कमी करायचाच, म्हणून बसले. आपल्या घरात एक जायफळ दोन श्रावण पुरतं, आणि हे पिशवीभर घ्यायला निघालेले. माझे पाय सुजले होते. मी म्हटलं, चला, बोट सुटेल. म्हणाले, "तू हो पुढे. मला घेतल्याशिवाय ती जाते कुठे." वन्सं, हा माणूस तीस वर्षं सरकारी जीपमधून हिंडला. जीप थांबायची. माणसाला वाटायला लागतं की जगातली सगळीच वाहनं थांबतात.

मी वर चढले. भोंगा झाला. कर्ण्यावरून यांचं नाव पुकारलं, तेही असं की सख्ख्या आईला ओळखू येऊ नये. मी कठड्याशी उभी, शेजारी आयर्लंडमधल्या कासलबार गावची नोरा. ही तिथल्या इस्पितळातून निवृत्त झालेली नर्स, आमच्याच टेबलावर जेवायला असायची. तेवढ्यात धक्क्याच्या टोकाला हे दिसले. धावत नव्हते, चालत होते. एका हातात पिशवी, काखेत छत्री. शिडी काढलेली दिसल्यावर मग यांनी हात वर केला, फाट्यावर एसटीला करतात तसा. वर कठड्याशी जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला ब्रह्मांड आठवलं. एका अधिकाऱ्याने मला पळवत खालच्या दाराशी नेलं. म्हणाला, असं होतं कधीकधी, ते उद्या लहान विमानाने पुढच्या बेटावर येऊन बोट गाठतील, हवं तर तुम्हीही उतरा. मी एक पाय पुढे टाकलाही होता. आणि धक्क्यावरून तुमचे बंधू ओरडले, "तू उतरू नकोस. सामान सांभाळ. मी उद्या येतो."

झालं. अधिकाऱ्याने माझ्याकडून यांचा पासपोर्ट, रक्तदाबाच्या गोळ्या आणि थोडे पैसे घेऊन त्यांच्याकडे पोचवले आणि दार बंद झालं. ग्रुपवर लिहिताना एवढाच तपशील राहून गेला असावा. लग्न झालं तेव्हा तुम्हीच मला सांगितलं होतंत की चंदूचा शब्द खाली पडू देऊ नकोस. एवढी वर्षं दिला नाही, तो ग्रेनाडाच्या धक्क्यावर कसा पडू देऊ?

तो उद्या काही आला नाही. दुसऱ्या दिवशी पुढचं बेट दिसायला लागलं आणि कॅप्टनने जाहीर केलं की आम्हाला बंदरात घेत नाहीत. त्याच्या पुढच्या बेटानेही नाही म्हटलं. तोवर सगळ्या जगाने दारं लावून घ्यायला सुरुवात केली होती, आणि ग्रेनाडाचा विमानतळही बंद झाला. आम्ही नुसते गोल गोल फिरत होतो, लग्नघरी आगाऊ पोचलेल्या पाहुण्यांसारखे. पहिल्या रात्री मी रडले. यांचा चष्मा पुसायचा रुमाल उशाशी होता, तो ओला झाला. हे ग्रुपवर कुणी टाकलं नाही.

नोराने मला सावरलं. ती रोज विचारायची, हिमसेल्फ कसे आहेत? आयर्लंडात बायका नवऱ्याला 'हिमसेल्फ' म्हणतात, जसं आपण 'हे' म्हणतो. नाव घ्यायचं नाही, आणि कोण ते सगळ्या जगाला ठाऊक. मला एकदम माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. तिने मला पोहण्याच्या तलावावर नेलं. मी म्हटलं, मी कडेला बसते. ती म्हणाली, कडेला बसूनच म्हाताऱ्या झालो की आपण. मग मी पंजाबी ड्रेससकट पाण्यात उतरले. तिने पाठीखाली हात धरला, आणि दोन-तीन दिवसांनी कधी काढून घेतला ते मला कळलंही नाही. वर आभाळ, कान पाण्यात, कुणाची हाक ऐकू येत नाही. वन्संबाई, तुम्ही लिहिलंत ते खरंच आहे. मजा आली. मला लाज वाटायला हवी होती, तीही थोड्या वेळाने आली.

अखेर बार्बाडोसने आम्हाला घेतलं आणि तिथून खास विमानाने आम्ही परतलो. डब्लिनला आले तर इथे घरापासून दोन किलोमीटरपलीकडे जायचं नाही असा हुकूम. मी घरात कोंडलेली आणि हे तिकडे बेटावर, मिस युनिस नावाच्या निवृत्त मुख्याध्यापिकेच्या घरामागच्या खोलीत. बंदरावरच्या एजंटने सोय करून दिली होती. बाईंचा नियम एकच, जो जेवील तो घासील. यांनी सांगितलं की मी एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर होतो, पाण्याच्या खात्यात. त्या म्हणाल्या, "बरं झालं. स्वयंपाकघरातला नळ गळतोय." अख्ख्या तालुक्याचं पाणी ज्याने कागदावर वळवलं त्याला तो नळ आवरायला आठवडा लागला.

मग फोन यायला लागले. पहिला, भाताला पाणी किती? दुसरा, पाणी उरलं, आता काय करू? तिसऱ्यांदा विचारलं, फोडणीत मोहरी आधी की हिंग? तिकडे कलालू नावाचा पदार्थ असतो, म्हणजे निव्वळ आपल्या अळूचं फदफदं. ते खाऊन यांना घरची आठवण आली आणि मिस युनिसना म्हणाले, यात चिंच-गूळ घाला. त्या म्हणाल्या, तूच घाल. घातला. म्हणे बरं झालं होतं. मला एवढ्या वर्षांत कधी 'बरं झालंय' म्हणाले नव्हते, पण स्वतःच्या हाताला चव असते हे त्यांना कळायला सत्तरी जवळ यावी लागली.

एप्रिलअखेर दोन दिवस फोन आला नाही. मी लावला तर वाजून बंद व्हायचा. गोळ्या संपल्या असणार, हे मला ठाऊक होतं. तिकडे संचारबंदी, दुकानं बंद. शैलेंद्र वकिलातीला मेल लिहीत होता, आणि आमची चिमुरडी नात रेवा, जी माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर देते, ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली. वन्सं, त्या दोन दिवसांत मी तुम्हाला फोन लावला होता. कितीदा ते सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी फोन आला. हे चक्कर येऊन अंगणात पडले होते. मिस युनिस पोलिसांची परवानगी काढून, काठी टेकत दवाखान्यापर्यंत चालत गेल्या आणि गोळ्या घेऊन आल्या. यांचा आवाज खोल गेला होता. मी हजार प्रश्न विचारले. म्हणाले, "तू जेवलीस का?" मी फोन कानापासून लांब धरून नंबर तपासला. नंबर त्यांचाच होता.

जूनच्या सुरुवातीला एका विमानात जागा मिळून हे आले. चौदा दिवस वरच्या खोलीत बसले. सुटका झाली त्या सकाळी मी खाली आले तर स्वयंपाकघरात चहा उकळत होता आणि हे ओट्याशी उभे राहून रेवाला विचारत होते की कप कुठे असतात. ती म्हणाली, इन द प्रेस, आजोबा. (इथे कपाटाला प्रेस म्हणतात. हे पहिल्या दिवशी वर्तमानपत्र शोधत होते.) चहात आलं जरा जास्त झालं होतं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर पुन्हा मलाच करावा लागला असता.

असो. तुमचा चंदू सुखरूप आहे, चार किलो उतरला आहे आणि शर्टाचं बटण स्वतः लावतो, जरा वर-खाली. भाऊजींना नमस्कार. आपण प्रकृतीस जपावे, आणि माझ्याबद्दल जे वाटत असेल ते वाटू द्यावे, पण एकदा मला ऐकवावे.

आपली,
संध्या

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलंच. सफर अर्धवट राहिली म्हणून बोटीच्या कंपनीने आम्हाला पुन्हा बोलावलं आहे, पुढच्या वर्षअखेरपर्यंत कधीही, दोन माणसं. हे म्हणतात, मी यापुढे बादलीतसुद्धा पाय घालणार नाही. तेव्हा दुसरी जागा तुमची. एकदा पापड लाटताना तुम्ही मला सांगितलं होतंत की जन्मात समुद्र पाहिला तो एकदाच, रत्नागिरीच्या लग्नात, तोही एसटीच्या खिडकीतून, कारण भाऊजींना मिरजेची गाडी चुकवायची नव्हती. कुणाला सांगू नकोस म्हणालात. आजवर सांगितलं नाही. पासपोर्टचं बघायला घ्या.

ता. क. २ : भाऊजी, फोन तुमचा असल्यामुळे हे पान तुम्ही वाचलं असेलच. तुमच्या जेवणाची काळजी नको. हे महिनाभर मिरजेला येऊन राहतील आणि तुम्हाला भात लावायला शिकवतील. आता फोन वन्संना द्या.

ता. क. ३ : वन्सं, पोहायचा पोशाख इथे अंगभर मिळतो, नोराने दुकान सांगून ठेवलं आहे. तुमचं माप तेवढं कळवा. भाऊजींना विचारू नका, त्यांना माहीत नसेल.