डॉक्टरच्या डोळ्यांना गुण किती?

४ मार्च, सोमवार

भांडण झालं! चाखणीच्या खोलीत, आणि तेही चहावरून नव्हे — डॉक्टरवरून!

डॉक्टर म्हणजे संध्याकाळच्या मालिकेतला. त्याची आजवरची कामगिरी अशी : भागीदाराच्या छातीत कळ आली तेव्हा त्यानं खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलं. मग मृत्युपत्र बदललं. मग सगळा आळ ड्रायव्हरवर ढकलला. शनिवारच्या भागात त्याच्या बायकोनं पोलिसांना खरं काय ते सांगितलं — आणि आज सकाळी आमच्या खोलीत फासावर कोण? बायको!

पॅकिंगमधल्या काकू म्हणाल्या, ‘आठवडाभर नवऱ्याशी गोड बोलत होती हो! दुतोंडी कुठली!’ गोदामातले मामा म्हणाले, ‘शेवटी त्याचे डोळे पाहिलेत का, बाई? कसा बघत होता बिचारा!’ मी म्हटलं, ‘मामा, तिकडे एक माणूस मेलाय.’ मामांनी विचारलं, ‘कोण?’

कोण! भागीदार साफ विसरले! मला इतकं हसू लोटलं की हातातला पेला हिंदकळला.

मधाळनं डॉक्टरसारखी भुवई उचलून दाखवली. काकूंना हसून हसून ठसका लागला. तुरट खिडकीपाशी पेले पुसत राहिली.

(मधाळ आणि तुरट — माझे दोन चाखणारे. ही नावं फक्त या वहीपुरती. तो आला की खोलीत उजेड पडतो. ती आली की माणसं खुर्चीत सरळ बसतात.)

५ मार्च, मंगळवार

साहेबांनी बोलावलं. चाखणाऱ्याची एकच जागा इथे कायम होणार. दुसऱ्याला लांबच्या शाखेत जावं लागेल. ‘तुम्ही ज्याची शिफारस कराल त्याला ठेवू. अठरा तारखेपर्यंत कळवा.’

कठीण आहे. आणि खरं सांगायचं तर मुळीच कठीण नाही — मधाळ! त्याच्याशिवाय ती खोली म्हणजे नुसती प्रयोगशाळा होईल.

आज स्वारी अत्तर लावून आली! चाखणीच्या दिवशी! आमचा पहिला नियम : अंगाला कसलाही वास नको. एका माणसाचा वास खोलीतल्या प्रत्येक पेल्यात उतरतो. मी म्हटलं, ‘काय रे, बागेतून आलास की लग्नातून?’ तो कान पकडून म्हणाला, ‘बाई, बहिणीनं फवारलं, मी निरपराध ड्रायव्हर!’ सगळे खो खो हसले. खिडक्या उघडल्या, त्याला हातपाय धुवायला पाठवलं, चाखणी तासभर पुढे ढकलली. गुणी पोर आहे.

६ मार्च, बुधवार

सुचलं! भाजी चिरता चिरता सुचलं, आणि सुरी हातातच राहिली.

आम्ही चहाचा न्याय कसा करतो? पेल्यावर नाव नसतं. मळा कुठला, भाव काय, कुणाच्या आवडीचा — जिभेला यातलं काहीही कळता कामा नये. फक्त तीन आकडी क्रमांक. सुर्रकन ओढायचं, तोंडात खेळवायचं, थुंकायचं आणि नऊपैकी गुण द्यायचे. नाव कळलं की जीभ खोटं बोलू लागते. महागडा मळा म्हटलं की पुचाट चहासुद्धा ‘नाजूक’ होतो!

मग माणसांचा न्याय तसाच का करू नये? कार्डावर फक्त कृत्य लिहायचं. ‘एका व्यक्तीनं’ एवढंच. भुवई नाही, डोळे नाहीत, पार्श्वसंगीत नाही!

(हे मी कुणाला समजावते आहे? वहीला. तीस वर्षांची सवय.)

ताईला सांगितलं. थोरली बहीण असल्यामुळे तिला माझं कौतुक करण्याची सक्ती नाही. म्हणाली, ‘तुझे नंबर तुझ्यापाशी ठेव. मला माझा डॉक्टर हवाय, चवीसकट.’

७ मार्च, गुरुवार

मालिकेतली बारा कृत्यं, बारा कार्डं, प्रत्येकावर क्रमांक. लिहिताना एखादं विशेषण घुसलं की कार्ड फाडायचं. ‘निर्घृणपणे दार लावलं’ चालणार नाही. ‘दार लावलं’. बस. आठ कार्डं फाडली! किती आनंद!

९ मार्च, शनिवार

आज चाखणीच्या आधी नाकाला एकदम झणका! छातीला चोळायच्या मलमाचा वास — कापराचा, डोळ्यांत पाणी आणणारा. तुरट! मी सर्वांदेखत सांगितलं, ‘बाहेर व्हा. इतक्या वर्षांत एवढंही कळू नये? नियम म्हणजे नियम.’ ती ‘बरं’ म्हणाली आणि गेली. मुलीला रात्री चोळलं होतं, असं काहीसं दारातून पुटपुटली. चाखणीच्या नोंदवहीत शेरा मारला. आजची चाखणी तिच्याशिवायच केली.

असो! सोमवारी कार्डांचा प्रयोग!

११ मार्च, सोमवार

काय दिवस! काय दिवस!

जेवणाच्या सुट्टीत कार्डं वाटली. काकू, मामा, मधाळ, तुरट. मी घंटा वाजवली तसे चौघेही अगदी चाखणीला बसल्यासारखे ताठ बसले. काकूंनी तर चाखणाऱ्यांचं बघून आधी पाण्याची चूळ भरली!

कार्ड दोनशे सहा : ‘एका व्यक्तीनं मदतीची याचना ऐकून दार लावून घेतलं. आतला माणूस मेला.’ काकूंनी दिला एक गुण, आणि तोही ‘शून्याची सोय नाही म्हणून’. कार्ड सातशे नव्वद : ‘एका व्यक्तीनं घरच्या माणसाचा गुन्हा पोलिसांना सांगितला. सांगेपर्यंत घरात काही दाखवलं नाही.’ काकूंचे आठ! वर शेरा : ‘धीराची बाई दिसते.’ (बाई कुठून कळलं, विचारायचं राहून गेलं.)

मग मी क्रमांकांची उकल वाचली. दोनशे सहा — डॉक्टर. सातशे नव्वद — त्याची बायको.

काकू : ‘कार्ड चुकीचं लिहिलंय.’

‘काय चुकलं, काकू?’

‘त्याचं लहानपण नाही लिहिलं! सावत्र बापानं किती छळलं त्याला!’

‘आणि बायकोचं लहानपण?’

‘तिचं कुठे दाखवलंय?’

वा! हाच तर मुद्दा! जिचं लहानपण दाखवलं नाही तिला ते नव्हतंच! मी फळ्याकडे धावले. दोन रकाने काढले. एकीकडे कृत्य, दुसरीकडे आपण त्याला नकळत जोडून दिलेली सबब. डॉक्टरच्या सबबींना जागा पुरेना : लहानपण, एकटेपण, प्रेमभंग, पाठदुखी (मामा : ‘एका भागात कंबर धरून चालला होता’). बायकोच्या सबबींची जागा कोरी! मी म्हटलं, ‘मंडळी, आपण गुन्ह्याला गुण देत नाही. कॅमेरा ज्याच्या जवळ जातो त्याला देतो!’

मामा विचारात पडले. मग म्हणाले, ‘पण बाई, डोळे तर डोळे आहेत ना.’ मधाळ ओरडला, ‘डॉक्टरच्या डोळ्यांना गुण किती? नऊपैकी दहा!’

तुरटच्या कार्डांवर नुसते आकडे. शेरा एकही नाही. रसिकता म्हणून नाही!

१२ मार्च, मंगळवार

घरी येता येता बसमध्ये हसले. शेजारची बाई सरकून बसली.

१३ मार्च, बुधवार

मधाळची सूचना : ‘बाई, दरवेळी तुम्हीच कार्डं लिहिता. आता आम्ही लिहितो, तुम्ही चाखा.’ उत्तम! परीक्षकाचीही परीक्षा झालीच पाहिजे. प्रत्येकानं एक कार्ड टाइप करायचं, कृत्य कुणाचं ते टाइप केलेली चिठ्ठी त्याला जोडायची आणि डब्यात टाकायचं. क्रमांक काकू घालतील आणि उकलीचा कागदही त्याच ठेवतील. कार्ड कुणी लिहिलं ते मात्र कुणालाच कळणार नाही. उद्या दुपारी!

ताई म्हणाली, ‘उद्या तू तोंडघशी पडणार.’ मी म्हटलं, ‘माझी जीभ तीस वर्षं तयार झालेली आहे.’ ताई म्हणाली, ‘ती तयार आहेच. अडचण तीच आहे.’

१४ मार्च, गुरुवार

आधी कार्ड जसंच्या तसं उतरवते.

‘चारशे सतरा. एका व्यक्तीच्या हाताखाली दोन माणसं होती. नियम एकच. दोघांच्या हातून एकाच आठवड्यात तीच चूक झाली. पहिल्याला हसून सोडलं आणि त्याच्यासाठी सगळं काम थांबवलं. दुसऱ्याला सगळ्यांदेखत खोलीबाहेर काढलं आणि शेरा मारला.’

मी वाचलं आणि पेटलेच! नक्कीच मालिकेतली मुख्य परिचारिका — तीच, जी लाडक्या नर्सला उशिरा आल्यावर थोपटते आणि दुसरीला रडवते! नऊपैकी एक! शेराही लिहिला, आणि नुसता लिहिला नाही, मोठ्यानं वाचूनही दाखवला : ‘अत्यंत दांभिक. अशा व्यक्तीच्या हाती न्यायाचं कोणतंही काम देऊ नये.’ वर त्यांना समजावलं की डॉक्टरच्या गुन्ह्यापेक्षा हा गुन्हा एका परीनं वाईट, कारण हा नियमाच्या आड लपतो. चांगली पाच मिनिटं बोलले. मामा छताकडे बघत होते. मला वाटलं, विचार करताहेत.

काकूंनी उकल वाचायला घेतली. बाकीची तीन वाचली. मग थांबल्या.

‘चारशे सतरा?’ मी.

‘राहू द्या ना, बाई.’

‘अहो, वाचा!’

काकूंनी कागदच माझ्यापुढे सरकवला. चारशे सतराच्या पुढे दोन शब्द : ‘आपल्या बाई.’

कुणी हसलं नाही. मधाळसुद्धा नाही. तुरट पेले पुसायला उठली.

१४ मार्च, पुन्हा

अत्तर. मलम. कळलं! एवढं काही मी निर्बुद्ध नाही!

पण ही काय पद्धत झाली? मनात होतं तर समोर येऊन बोलायचं. वर तोंडानं ‘बरं’ आणि आतून इतका डूख! चार दिवस धरून ठेवलं आणि नेम साधून मारलं. तुरटच ती! जागेसाठी, दुसरं काय!

ताईला सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, ‘पण कार्डात खोटं काय आहे?’ मी म्हटलं, ‘पद्धत चुकीची आहे.’ ताई म्हणाली, ‘काकू काय म्हणाल्या होत्या ग परवा? कार्ड चुकीचं लिहिलंय, ना?’

टीव्ही लावला तिनं. मी आत आले.

१५ मार्च, शुक्रवार

पद्धत म्हणजे पद्धत. वर्षभराच्या चाखणीचे दोघांचे तक्ते काकूंना दिले. नावं झाकून क्रमांक घालायला सांगितलं. आमच्या प्रत्येक चाखणीत एकच चहा दोन पेल्यांत, दोन वेगळ्या क्रमांकांनी लपवलेला असतो. खरी जीभ दोन्ही पेल्यांना सारखेच गुण देते, कच्ची जीभ भुलते. तेवढंच तपासलं.

एक तक्ता बरा होता. दुसरा पाहून मी खुर्चीतून उठले! जवळजवळ प्रत्येक वेळी सारखे गुण! अशी जीभ मी उभ्या आयुष्यात दोनदा पाहिली असेन!

नाव उघडलं. तुरट.

आणि मी तिला वर्षभर हे नाव लावून मनातल्या मनात तोंड वाकडं करत होते. मी! जी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवते की तुरटपणा काढला तर चहा म्हणजे नुसतं रंगीत गरम पाणी!

१६ मार्च, शनिवार

शेरा खोडला, सही केली. मग सर्वांदेखत तिची माफी मागितली, कारण काढलं होतं तेही सर्वांदेखत. ती लाल झाली. ‘अहो बाई, असू द्या हो.’ मुलीचा खोकला आता बरा आहे. मुलगी दुसरीत आहे. गणित आवडतं म्हणे! एवढं मी तिच्याशी आजवर कधी बोलले नव्हते.

शिफारशीत तिचं नाव लिहिलं. तक्ता जोडला.

निघताना तिला म्हटलं, ‘कार्ड मात्र नेमकं लिहिलंत. एकही विशेषण नाही.’

ती गोंधळली. ‘कुठलं? माझं तर डॉक्टरवर होतं.’ मग हळूच : ‘मला आवडतो तो. कुणाला सांगू नका हं.’

तुरटला! डॉक्टर! आवडतो! मी जिन्यात बसून हसले. हसू ओसरल्यावर मात्र विचार आला : मग कार्ड कुणाचं?

१८ मार्च, सोमवार

शिफारस पाठवली. मधाळ भेटायला आला. ‘कार्ड माझं होतं, बाई. तिची पोर इथल्या शाळेत रमलीये. मला काय, एक पेटी उचलायची.’ भुवई उचलली आणि गेला.

माझे डोळे भरून आले. केवढं मन! किती धीटपणा! किती सभ्य रीतीनं कान टोचला माझा!

मग चारशे सतरा पुन्हा काढून वाचलं. गुरुवारी ते तिचं होतं तेव्हा मी त्याला डूख म्हटलं होतं. अक्षरन् अक्षर तेच आहे.